पास्टरचे डोळे

दिवे बंद केले तरी पास्टर डोळे मिटत नाही आणि मिटतो तेव्हा आपल्या मनाने मिटतो, हे मी वेनला त्या आठवड्यात तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो गाडीखालून नुसता "हं" म्हणाला. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या प्रत्येक "हं"चा अर्थ मला लागतो. हा "डोरीन, तू तुझा पाव भाज" असा होता.

पास्टर म्हणजे माझ्या सासऱ्यांची सत्तर सालची गाडी. काळी कुळकुळीत आणि वर पांढरं छप्पर, पाद्र्याच्या काळ्या झग्यावरच्या पांढऱ्या कॉलरसारखं, म्हणून आमच्या केतोलांच्या घरात तिला कुणी गाडी म्हणत नाही. पुढच्या दिव्यांवर लोखंडी झाकणं आहेत. आतली गुंडी बाहेर ओढली की झाकणं वर जातात आणि दिवे लागतात. गुंडी आत दाबली की दिवे विझतात आणि झाकणं खाली येतात. झाकणं विजेवर हलत नाहीत. इंजिन जी हवा ओढतं, तिच्या जोरावर, पेन्सिलीएवढ्या रबरी नळ्यांतून हा सगळा कारभार चालतो. वेन त्याला व्हॅक्यूम म्हणतो. मी श्वास म्हणते.

मंगळवारी मी त्याला कॉफी द्यायला कोठारात गेले. इंजिन चालू होतं, चाकं ठोकळ्यांवर उचललेली, दिवे बंद, पण डोळे सताड उघडे. मी समोर उभी राहिले आणि बघता बघता डावं झाकण खाली यायला लागलं. मग उजवं. सावकाश, जेवण जड झालेल्या माणसासारखं. वेन आत बसून गिअर टाकून बघत होता. दिव्यांच्या गुंडीला त्याचं बोटही लागलं नव्हतं.

"बघितलंस?" मी ओरडले.

"काय?"

"डोळे मिटले त्याने."

"बिजागऱ्या जुन्या आहेत गं. ग्रीस देतो."

ग्रीस दिलं. पास्टरवर त्याचा काही परिणाम झाला नाही. आता मला कुणी भित्री म्हणेल तर म्हणू दे. या गाडीने माणूस मारलेला आहे.

मी लग्न होऊन आले त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. चौऱ्याऐंशी सालचा युहान्नुस, म्हणजे उन्हाळ्यातला सगळ्यांत मोठा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे तळ्याकाठी लाकडांची होळी पेटवतात, सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवतात. धुकं इतकं की घरातून तळं दिसत नव्हतं. सोळा वर्षांची हेल्मी, माझी नणंद, होळीची लाकडं घेऊन पास्टर चालवत उतारावर आली. बॅटरी मेल्यात जमा होती, म्हणून इंजिन बंद करू नकोस असं सासऱ्यांनी बजावलं होतं. उतारावर गाडी कधी गिअरच्या दातावर टांगून उभी करायची नाही, न्यूट्रलला ठेवायची आणि पार्किंग ब्रेक दाबायचा, हाही सासऱ्यांचाच, आर्वो केतोलांचा, कायदा. त्या गाडीत तो ब्रेक डाव्या पायाने दाबायचा असतो. हेल्मीने दाबला, उतरली, मागे जाऊन लाकडं काढायला लागली. आणि गाडी चालू लागली. खाली धक्क्यावर रेइनो, थोरला मुलगा, सत्तावीस वर्षांचा, पाठमोरा होडी बांधत होता.

"मी ब्रेक दाबला होता," हेल्मी म्हणाली. त्या दिवशी म्हणाली, शेरिफला म्हणाली, चर्चमध्ये म्हणाली. कुणाचाच विश्वास बसला नाही. पायाने दाबलेला ब्रेक आपोआप कसा सुटेल? अठराव्या वर्षी ती डलूथला, शहरात, निघून गेली, अतिदक्षता विभागात नर्स झाली, आणि परत कधी युहान्नुसला आली नाही.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्याच्या तोंडाशी सासरे गेले. शेवटच्या आठवड्यात हेल्मी त्यांच्या उशाशी होती. मी पाणी घेऊन आत गेले तेव्हा ते तिचा हात धरून म्हणत होते, "एकदा म्हण पोरी, चूक झाली म्हण. विषय संपवू."

"मी ब्रेक दाबला होता, बाबा," हेल्मी म्हणाली.

त्यांनी हात सोडला. खोलीत आउने, माझ्या सासूबाई, खिडकीपाशी विणत बसल्या होत्या. त्यांच्या सुया क्षणभरही थांबल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, किती कठीण काळजाची बाई.

सासऱ्यांनी सव्वीस वर्षं कोठाराला कुलूप ठोकलं होतं. ते गेल्यावर वेनने तोडलं. दोन हिवाळे तो त्या गाडीपाशी जगला. पाण्यात फक्त पुढची चाकं गेली होती, बाकी उंदरांनी खाल्लं होतं. रेइनोने त्या सकाळी शेवटचा हात लावलेली वस्तू म्हणून वेन तिच्याकडे बघायचा. मग त्याने हेल्मीला फोन केला. "गाडी तयार आहे. ये या युहान्नुसला. त्याच वाटेने खाली नेऊ, होळीपर्यंत. मिटवू एकदाचं."

"मिटवू" हा शब्द त्याने वापरायला नको होता. पण वेनच्या डोक्यात आणि जिभेत अंतर नाही. आणि हेल्मी आली, हे नवल.

*

शनिवारी दुपारी ती आली तेव्हा तळ्यावरून धुकं चढत होतं. जूनमध्येही इथे तळं आपला गारठा सोडत नाही. केस अगदी बारीक कापलेले, हातात स्वतः भाजलेला निसू, आमच्याकडचा गोड पाव. मी वेलचीच्या वासावरूनच ओळखलं की माझ्यापेक्षा चांगला झालाय.

"डोरीन, साहेब कुठे आहेत?"

"वेन की पास्टर?"

"ज्याच्या अंगाला जास्त तेल लागलंय तो."

आम्ही हसलो. आत सासूबाई मागावर बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या झाल्या तरी चिंध्यांच्या सतरंज्या विणायचं सुटलेलं नाही. घरातलं कुठलंही जुनं कापड त्यांच्या टोपलीतून वाचत नाही.

"आलीस?" त्या म्हणाल्या.

"आले."

मायलेकींचं बोलणं संपलं. मग सासूबाईंनी वर न बघता मला सांगितलं, "डोरीन, तो वरचा दिवा कुणीतरी मालवा गं."

मी मालवला. हे आमच्या घरातलं रोजचं. या बाईने मी आल्यापासून एकदाही स्वतः दिवा मालवलेला नाही. लावतात, मालवत नाहीत. कुणी नसेल तर रात्रभर तसाच. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि चर्चमधल्या बायका डोळे पुसत सांगतात, आउने रेइनोसाठी दिवा लावून ठेवते. मीही तेच समजत होते. सासूची एक खोड म्हणून नव्हे, मायेची गोष्ट म्हणून मी सव्वीस वर्षं त्यांचे दिवे मालवले.

तीनच्या सुमारास वेनने पास्टर अंगणात आणला. आमचं अंगण तळ्याकडे कललेलं आहे. वेनने नवा सदरा घातला होता. धुक्यासाठी दिवे लावून तो आला, आणि मला जे दिसलं ते हेल्मीलाही दिसलं. झाकणं पुरती वर नव्हती. अर्ध्यावर थरथरत होती, झोपेशी झगडणाऱ्या डोळ्यांसारखी.

हेल्मीचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला.

"त्या दिवशी पण," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी पण त्याचे डोळे असेच करत होते. मी सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही."

वेन थांबला, न्यूट्रलला आला, आणि झाकणं सर्रकन वर गेली. त्याने डावा पाय दाबला. ब्रेकचा टर्रर्र आवाज पायऱ्यांपर्यंत आला. मी तोवर जळणातला एक ओंडका उचलून पुढच्या चाकापुढे टाकला.

"बघा, बायकोचा अविश्वास!" वेन उतरून दोन्ही हात पसरत म्हणाला. मग हेल्मीकडे वळला. "बघ. उभा आहे की नाही? नीट दाबला की उभा राहतो."

"नीट" या शब्दावर हेल्मीचा चेहरा बदलला. ती पायऱ्या उतरून गाडीच्या पुढे, चार पावलांवर जाऊन उभी राहिली आणि त्या उघड्या डोळ्यांत बघत राहिली. सासूबाई कॉफीचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. वेनला वाटलं, पुरे झालं कौतुक. त्याने खिडकीतून हात घातला आणि दिव्यांची गुंडी आत दाबली.

आत कुठेतरी टक् झालं.

दिवे विझले. डोळे मिटले नाहीत. आणि पास्टर निघाला. आवाज नाही, धक्का नाही. उघड्या डोळ्यांनी तो हेल्मीकडे निघाला. ओंडक्यावर चाक आदळलं, गाडी वीतभर वर चढली, थांबली आणि इंजिन तसंच गुरगुरत राहिलं.

मागे कपबश्या फुटल्या.

"मी दाबला होता!" वेन ओरडला. "देवाशपथ, दाबला होता! आवाज ऐकला ना तुम्ही? डोरीन, ऐकलास ना? मी ब्रेक दाबला होता!"

आपण काय बोललो ते वेनच्या हळूहळू लक्षात आलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

हेल्मी हसायला लागली.

"पाय घसरला असेल, वेन," ती म्हणाली. "होतं असं. चूक झाली म्हण, विषय संपवू."

वेन गवतावर बसला. त्याच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं, ते त्याने मला फार पुढे सांगितलं. अपघात झाला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि दुकानातून बिअर आणायला गेला होता. परत आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. शेरिफने विचारलं, तुमची बहीण कशी आहे हो, सांभाळून वागणारी? वेनने सांगितलं, "तिला साधं फाटक लावायचंही भान नसतं." हे वाक्य त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. फाटक लावायला तो स्वतःच विसरायचा.

*

"उठ," हेल्मी म्हणाली. "इंजिन बंद कर, दोन्ही बाजूंना ओंडके लाव. विजेरी दे. आणि मला सांग, हा ब्रेक सुटतो कसा?"

"दोन प्रकारे. हाताने खटका ओढायचा. नाहीतर आपोआप. गिअर टाकला की स्टिअरिंगखालच्या व्हॉल्व्हमधून व्हॅक्यूम एका डबीत जातं आणि डबी खटका ओढते. ड्रायव्हर ब्रेक सोडायला विसरला तर म्हणून." वेन एकेक शब्द तपासून बोलत होता. "पण मी गिअर टाकलाच नव्हता."

"तू दिवे बंद केलेस."

"दिव्यांचा ब्रेकशी काय संबंध?"

"तेच बघायचंय."

ती पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरली. पाय दाराबाहेर. वेन म्हणाला, "सगळं बरोबर आहे तिथे. रबर नवीन घातलं, पण जोडणी जशीच्या तशी. रेइनोने प्रत्येक नळीला आणि तिच्या तोटीला एकाच कापडाची चिंधी बांधली होती, गफलत होऊ नये म्हणून. मी एकेक चिंधी सोडवली, नव्या नळीला बांधली. लाल ती लालला, पिवळी ती पिवळीला. इकडची तिकडे नाही केली."

खरं होतं ते. भावाने ठोकलेला खिळासुद्धा हा माणूस हलवणार नाही.

"आमच्याकडे," आतून हेल्मीचा आवाज आला, "नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवते. रोग्याला सात नळ्या लावलेल्या असतात. प्रत्येकीवर चिठ्ठी असते. चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही. रोग्यापासून सुरुवात करायची, नळी बोटांत धरायची आणि बोटं न सोडता बाटलीपर्यंत जायचं. चिठ्ठी लावणारा माणूस असतो, आणि माणसाला झोप आलेली असते."

मग ती नळ्या चाचपत राहिली. धुकं आता पायऱ्यांपर्यंत आलं होतं. मी सासूबाईंना शाल दिली. त्या फुटक्या कपबश्यांमध्ये तशाच उभ्या होत्या. बसा म्हटलं तर ऐकू आलं नाही त्यांना.

"हां," हेल्मी म्हणाली. "ब्रेकच्या डबीपासून निघाले. ही नळी... वर जाते... लोखंडी पट्टीमागून... आणि ही तिची तोटी. वेन, मी आता कशाला हात लावलाय?"

वेनने डोकं आत घातलं. विजेरीच्या उजेडात त्याचा चेहरा मला बाजूने दिसत होता.

"दिव्यांच्या गुंडीला," तो म्हणाला.

"आणि स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हपासून निघालेली ही कुठे जाते? थांब... भिंतीतून पार. पुढे. डोळ्यांकडे."

"उलट लागल्यात," वेन म्हणाला. "दोघी उलट. म्हणजे गिअर टाकला की डोळे मिटणार. आणि दिवे बंद केले की..."

"ब्रेक सुटणार."

मंगळवारी मिटलेले ते डोळे मला आठवले.

"पण चिंध्या?" वेनचा आवाज रडवेला झाला होता. "चिंध्या जुळत होत्या गं!"

हेल्मी बाहेर आली. तळहातावर चार चिंध्या होत्या, चारही निळ्या चौकड्यांच्या. दोन थोड्या जास्त विटलेल्या, दोन थोड्या कमी. अंगणातल्या उजेडात फरक दिसत होता. डॅशबोर्डखाली, विजेरीच्या उजेडात, कुणालाच दिसला नसता.

"एकाच सदऱ्याच्या," ती म्हणाली. "एक जोडी बाहीची, एक पाठीची. रेइनोचा तो कामाचा सदरा. चिंध्या कुणी फाडून दिल्या?"

चिंध्या फाडणारं या घरात एकच माणूस होतं. कुणीही मागे वळून बघितलं नाही.

"त्याने त्या सकाळी कुजलेल्या नळ्या बदलल्या," वेन पुटपुटला. "झाकणं लोंबत होती म्हणून. उलट लावल्या. आणि मी दोन हिवाळे घालून तीच चूक परत जशीच्या तशी बसवली."

हेल्मी गाडीच्या चाकाला टेकून बसली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पण त्या क्षणी मला ती सोळा वर्षांची दिसली.

"मी दाबला होता," ती म्हणाली. या वेळी कुणाला पटवायला नाही. स्वतःलाच सांगितलं. "अगं डोरीन, मलासुद्धा कधीकधी वाटायचं, नसेल दाबला. रात्री झोपेत माझा डावा पाय ताठ होतो. अजून दाबतेय मी तो ब्रेक."

मी तिला जवळ घेतलं. वेन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता आणि त्याला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. खरं तर हे इथेच संपायला हवं होतं. रेइनोची चूक, बिचारा गेला, कुणाचा दोष नाही, झाकली मूठ झाकलेलीच. पण हेल्मीचं डोकं नळीच्या टोकापर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही.

"पण दिवे मी लावूनच उतरले होते," ती म्हणाली. "धुकं होतं. दिवे चालू असेपर्यंत ब्रेक धरून होता. मी मागे जाऊन निदान दहा लाकडं काढली, तोवर उभी होती गाडी."

वेनने मान वर केली. "गुंडी आत होती," तो म्हणाला. "मी डॅशबोर्ड खोलला तेव्हा ती आत दाबलेली होती. गंजून आतच अडकली होती."

"म्हणजे कुणीतरी दिवे बंद केले."

"रेइनो धक्क्यावर होता. बाबा होळीपाशी. मी दुकानात."

उरलेलं नाव कुणी घेतलं नाही. मागे पायऱ्यांवर काचेचा तुकडा कुणाच्या तरी पायाखाली करकरला.

*

सासूबाईंना मी देवासारखं मानलेलं नाही, पण त्यांना खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या खाली आल्या, गाडीपासून दोन हातांवर थांबल्या. जवळ जाईनात.

"मी कॉफी घेऊन येत होते," त्या म्हणाल्या. "दिवे लावलेले बघितले. बॅटरी आधीच मेलेली, हे म्हातारे मग माझ्यावर ओरडणार. मी खिडकीतून हात घातला आणि गुंडी दाबली. एवढंच. दिवे विझले, पण डोळे मिटले नाहीत. आणि तो निघाला. माझ्या हाताखालून निघाला. मला आवाज फुटला नाही. उघड्या डोळ्यांनी तो खाली गेला धुक्यात, आणि मग मला फक्त आवाज आला."

"तुला माहीत होतं," हेल्मी म्हणाली.

"मला काय माहीत होतं? मी दिवा मालवला आणि माझं पोर गेलं. दिव्याने कधी गाडी चालते? कुणाला सांगितलं असतं तर खुळी म्हणाले असते. मला वाटलं, माझ्या हातातच काही आहे. मग मी हातच लावला नाही पुन्हा. कुठल्याही दिव्याला."

सव्वीस वर्षं मी त्या मायेच्या दिव्यांना हात लावत होते, आणि ती माया नव्हतीच. ती भीती होती.

"ते नाही विचारलं मी," हेल्मी उठून उभी राहिली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "नळ्यांचं तुला कळलं नाही, ठीक. पण तू खिडकीतून हात घातलास तेव्हा गाडी उभी होती. उतारावर, न्यूट्रलला, उभी. म्हणजे ब्रेक लागलेला होता. मी खरं बोलतेय हे या जगात एकाच माणसाला माहीत होतं, आई. बाबा मरताना माझा हात धरून विचारत होते, आणि तू तिथे बसून मोजे विणत होतीस."

सासूबाईंचे ओठ हलले.

"हो."

"का?"

"तुझी चूक असली की माझी नसायची," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मला तेवढंच बरं वाटायचं. तू दूर गेलीस, फोन करेनाशी झालीस, तरी सांगवेना. आधी लाज वाटली. मग फार उशीर झाला म्हणून लाज वाटली."

वेन मध्ये पडायला निघाला, "हेल्मी, आईचं वय बघ," असं काहीतरी. मी त्याची बाही धरून त्याला मागे ओढला. जन्मभर सासूची बाजू घेणारी मी, त्या दिवशी नणंदेकडे जाऊन उभी राहिले.

"नळ्या सुलट लाव, वेन," हेल्मी म्हणाली. "प्रत्येक नळी टोकापर्यंत बोटांनी बघ. मग मी बघेन."

त्याने लावल्या. तिने बघितल्या, डबीपासून तोटीपर्यंत, झाकणापासून गुंडीपर्यंत, आणि मग उलट दिशेने पुन्हा एकदा. चिंध्या बांधल्या नाहीत. वेनने इंजिन चालू केलं, गुंडी ओढली. डोळे उघडले, दिवे लागले. ब्रेक दाबला. टर्रर्र. तो उतरला आणि गुंडी दाबायला खिडकीशी गेला.

"तू नको," हेल्मी म्हणाली. "ती दाबेल."

"ती नाही बसायची आत. बघ, थरथरतेय," वेन म्हणाला.

"मी बसते," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांना धरून आत बसवलं. तोवर हेल्मीने पुढच्या चाकांचे ओंडके एकामागून एक पायाने ढकलून दिले. ते गडगडत खाली गेले, धुक्यात शिरले आणि खाली कुठेतरी धक्क्याच्या फळ्यांवर आपटले. तो आवाज ऐकून सासूबाईंनी डोळे मिटले.

हेल्मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. गुडघे बंपरला टेकले होते. पिवळ्या उजेडात तिचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"वेडी झालीस?" वेन ओरडला. "बाजूला हो!"

"नळी मी टोकापर्यंत बघितलीय. मला माहीत आहे. आता तिला कळू दे." ती काचेतून आत बघत म्हणाली, "दाब, आई."

"तू बाजूला हो गं पोरी, मग दाबते."

"रेइनो बाजूला नव्हता. दाब."

मी दाराशी होते, म्हणून मला दिसलं. सासूबाईंचं बोट गुंडीवर टेकलं, मागे आलं, पुन्हा टेकलं. ओठांत देवाचं नाव होतं, की रेइनोचं, मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी दाबली.

दिवे विझले. टक् झालं नाही. झाकणं खाली आली, दोन्ही बरोबर, शहाण्यासारखी, आणि पास्टरने डोळे मिटले. गाडी तसूभर हलली नाही. फक्त इंजिन चालू होतं आणि खाली धुक्यात तळ्याचं पाणी धक्क्यावर चुबकत होतं.

सासूबाईंच्या तोंडून हुंदका फुटला. "उतरू का मी आता?"

"नाही," हेल्मी म्हणाली. "पुन्हा लाव."

त्यांनी गुंडी ओढली. डोळे उघडले.

"मालव."

मालवले. हेल्मीचे गुडघे बंपरलाच होते. "पुन्हा." पुन्हा उघडले. "मालव." वेन माझ्याजवळ येऊन उभा राहिला, त्याने माझा हात धरला. मला आधी वाटलं, ती आईला शिक्षा देतेय. ती शिक्षा होतीच. पण चौथ्यांदा, पाचव्यांदा मला दिसलं की हेल्मी गुंडीकडे बघत नव्हती. काचेतून आईच्या हाताकडे बघत होती, रोग्याच्या हाताकडे बघावं तसं.

सहाव्यांदा हात जरासाच कापला.

सातव्यांदा डोळे उघडले, आणि हेल्मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी आपणहून हात पुढे केला आणि दिवे मालवले. तेव्हा कुठे हेल्मी गाडीपुढून हलली.